जुन्या नावाला कंस

अग्रणी हे नाव मी ठेवलं, २००८ साली. बॅकअपचा मास्टर सर्व्हर पहिल्यांदाच क्लस्टरवर जात होता. दोन मशिनांच्या वर कुठल्याच मशीनचं नसलेलं असं एक नाव लागतं, ते काय ठेवायचं, असं साहेबांनी विचारलं. बाकीच्या सर्व्हरांची नावं म्हणजे नुसते आकडे. मी म्हणालो, अग्रणी. सगळ्यांना वाटलं, अग्रणी म्हणजे सर्वांत पुढचा, मास्टरला शोभणारं नाव. मी तसं वाटू दिलं. खरं तर ती आमच्याकडची नदी. खानापूर तालुक्यात उगम पावते, तासगाव, कवठेमहांकाळ करत खाली कृष्णेकडे जाते. माझ्या लहानपणी वर्षातले बरेच महिने तिच्यात नुसती वाळू असायची. पुढे लोकांच्या श्रमदानानं ती पुन्हा वाहती झाली, तेव्हा मी नवी मुंबईत होतो. रोज रात्री लॉगच्या ओळींत ते नाव वाचताना मला जे सुख व्हायचं, ते मी कुणालाही सांगितलेलं नाही.

नेटबॅकअप या आमच्या बॅकअपच्या सॉफ्टवेअरवर काम केलेल्यांना ठाऊक आहे की मास्टरचं नाव कॅटलॉगच्या हाडीमासी खिळतं. प्रत्येक प्रतीची नोंद, टेपांचा हिशेब, क्लायंटवरची सर्व्हरांची यादी, अलीकडची प्रमाणपत्रं, सगळीकडे ते असतं. लोखंड बदला, डिस्क बदला, नाव मात्र तेच न्यावं लागतं. तरुण मंडळींना हे जाचक वाटतं. मला ते बरोबर वाटतं. ज्याच्या शब्दावर पाच-आठ वर्षांपूर्वीची टेप उघडायची, त्यानं मधेच नाव बदलू नये. या सॉफ्टवेअरचा स्वतःचा इतिहासही असाच आहे. १९८७ साली कंट्रोल डेटा कंपनीनं ते क्रायस्लर या मोटारकंपनीसाठी लिहिलं. १९९३ साली ते ओपनव्हिजनकडे गेलं, १९९७ साली व्हेरिटासकडे, २००५ साली सिमँटेककडे, २०१६ साली पुन्हा वेगळ्या झालेल्या व्हेरिटासकडे आणि २०२४च्या अखेरीला कोहेसिटीकडे. इतके मालक झाले, पण लिनक्सवर ते आजही ‘ओपनव्ही’ नावाच्या फोल्डरातच राहतं. त्याच्या बहुतेक आज्ञांची सुरुवात होते ‘बीपी’नं, म्हणजे बॅकअपप्लस या जुन्या नावाच्या आद्याक्षरांनी.

अग्रणीला जुन्या क्लस्टरवरून नव्यावर न्यायचं ठरलं, तेव्हा मला काळजी नव्याची नव्हती. नवा उठतोच. आज उठला नाही तर उद्या उठतो, आणि उठेपर्यंत सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडेच असतं. अडचण जुन्याची असते. नाव त्याच्याकडून काढून घ्यायचं कसं, आणि काढून घेतलं हे त्याला कळलं आहे याची खात्री कशी करायची, याभोवती मी कित्येक वर्षं घुटमळतो आहे.

क्लस्टरच्या आत याची सोय आहे. दोन नोडांमधली, म्हणजे मशिनांमधली, हार्टबीट तुटली, दोघांनाही वाटलं की दुसरा गेला, आणि दोघांनीही एकाच डिस्कवर लिहायला घेतलं, तर सर्वनाश. म्हणून फेन्सिंग. कोऑर्डिनेटर डिस्का तीन, मुद्दाम विषम, म्हणजे झटापटीत दोन कुणातरी एकाच्याच हाती लागतात आणि हरलेला नोड स्वतःला पाडून घेतो. मी हे किती पोरांना शिकवलं असेल! पण हे सगळं कुंपण एका क्लस्टरच्या आतलं. दोन क्लस्टरांच्या मधे कुंपण नसतं. आमचे दोन्ही क्लस्टर एकाच हॉलमध्ये, पंधरा-वीस पावलांवर उभे होते, पण एकाला दुसऱ्याच्या असण्याची खबर नव्हती. अग्रणी हे नाव एका वेळी एकाच ठिकाणी राहील, याची हमी देणारी कुठलीही यंत्रणा तिथं नव्हती. हमी म्हणजे पहाटे तीन वाजता जागा असलेला एक माणूस.

स्थलांतराची रात्र चांगली गेली. कॅटलॉगचा शेवटचा बॅकअप, डीआर फाइल, तिच्या पासफ्रेजचं पाकीट, जुन्या क्लस्टरवरचा अग्रणीचा ग्रुप ऑफलाइन करून फ्रीझ, म्हणजे तो आपोआप उठू नये, डीएनएसमध्ये नवा पत्ता, नव्यावर रिकव्हरी. तीन तास चाळीस मिनिटांत मीडिया सर्व्हर एकेक करून हिरवे झाले. माझ्यासोबत बार्शीची एक मुलगी होती, नोकरीचं दुसरं वर्ष. ती म्हणाली, “सर, आता जुन्यावरचा ग्रुप डिलीट करू? झोनिंग पण काढून टाकते.” मी म्हणालो, “राहू दे गं. दोन आठवडे परतीची वाट राहू दे.”

परतीची वाट ठेवणं यात चूक काही नाही, आमच्या धंद्यात सगळेच ठेवतात. पण ती वाट बंद करून ठेवायची असते, मोकळी नव्हे. झोनिंग, म्हणजे जुन्या नोडांना टेप लायब्ररीपर्यंत पोचू देणारी सोय, तसंच राहिलं आणि तिकडे जाणारी फायबरही. शिवाय व्हेरिटास क्लस्टरमध्ये फ्रीझ दोन तऱ्हेचं असतं. साधं फ्रीझ क्लस्टर खाली जाऊन वर आला की विसरलं जातं. ‘पर्सिस्टंट’ हा शब्द जोडला तर टिकतं. मी साधं केलं होतं. हा फरक मला माहीत नव्हता असं म्हणायची सोय नाही, कारण माझ्या वहीत तो लाल शाईनं लिहिलेला आहे. त्या रात्री तो शब्द का टाइप झाला नाही, याचा मी फार विचार केला. थकवा होताच. पण मला वाटतं, त्या जुन्या जागेवर अग्रणीचं सगळं संपलं असं लिहायला माझा हात तयार नव्हता. तो ग्रुप मी सतरा वर्षांपूर्वी उभा केला होता. मशीनं बदलली, आवृत्त्या बदलल्या, पण त्याची मांडणी माझीच होती.

पंधराव्या दिवशी, शनिवारी, त्या रांगेच्या वीजपुरवठ्याचं काम निघालं. आठवडाभर आधी मेल आली होती. दोन्ही जुने नोड बंद पडले आणि काम संपल्यावर परत चालू झाले. फ्रीझ विसरलं गेलं, ऑटोस्टार्टनं आपलं काम केलं, आणि अग्रणी जुन्या जागी उठून बसला. त्याच्या होस्ट्स फाइलमध्ये त्याचा जुना पत्ता होता, त्यामुळे स्वतःच्या दृष्टीनं तो घरीच होता. क्लायंटांनी त्याला दारातूनच परत पाठवलं, त्यांच्या लेखी अग्रणीचा पत्ता बदललेला होता. मीडिया सर्व्हरही त्याला जुमानेनात. पण एक काम असं होतं, ज्याला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती. रात्री ठरलेल्या वेळी त्यानं स्वतःच्या कॅटलॉगचा बॅकअप घ्यायला सुरुवात केली. त्यासाठी कोरी टेप हवी, म्हणून पंधरा दिवसांपूर्वी आपल्या हिशेबात कोरी असलेली एक टेप त्यानं मागवली. रोबोनं ती आणून दिली. त्या टेपवर दरम्यान नव्या अग्रणीनं आठवड्याचा फुल बॅकअप लिहिलेला होता. जुन्यानं तो पुसून त्यावर आपलं जुनं स्मरण लिहिलं. चूक त्याची नव्हती. त्याला जेवढं माहीत होतं, त्यानुसार त्यानं सगळं बरोबर केलं.

रविवारी सकाळी मला अग्रणीच्या दोन मेली आल्या. दोन्ही कॅटलॉग बॅकअप यशस्वी झाल्याच्या. मेल सर्व्हरनं एकच दोनदा पाठवली असेल, असं समजून मी एक डिलीट केली.

मंगळवारी ती मुलगी माझ्याजवळ आली. “सर, चौऱ्याण्णव येतोय.” ९४ म्हणजे टेप सापडली, पण तिच्यावर हवी ती प्रत सापडत नाही. दर मंगळवारी कुठलीतरी एक प्रत उचलायची आणि खरोखर रिस्टोअर करून पाहायची, हा तिचा नेम. तो मी तिला शिकवलेला नव्हता. मी स्वतः तिमाहीला एकदा करायचो, आणि तेही ऑडिटच्या आधी.

इथं मला एक बोलायचंच आहे. आमच्या क्षेत्रात आता पडद्यावरचे फलक वाचणारे फार झाले आणि टेप वाचणारे कमी. रेप्लिकेशन आहे, म्हणजे बॅकअप आहे, असं बिनदिक्कत सांगणारे सल्लागार मी भर बैठकीत पाहिले आहेत. अहो, चुकून खोडलेली फाइल रेप्लिकेशन दुसऱ्या टोकालाही इमानानं खोडतं. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबमध्ये एका इंजिनिअरच्या हातून चालू डेटाबेसच्या फायली उडाल्या. पाहतात तो, प्रती ठेवायच्या पाच वाटांपैकी एकही वेळेवर कामी येईना. डेटाबेसच्या रोजच्या प्रती आवृत्तीच्या घोळामुळे बनतच नव्हत्या, आणि त्या बनत नाहीत हे सांगणाऱ्या मेली नाकारल्या जात होत्या. जवळजवळ सहा तासांचा डेटा गेला. पण त्यांनी तो सगळा प्रकार लोकांसमोर मांडला, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. ते वाचताना मी म्हणालो होतो, आमच्याकडे असं होणार नाही. मोठ्यानं म्हणालो होतो.

कारण माझं एक वाक्य होतं: माझ्या हातून आजवर एकही टेप गेली नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आमची टेपांची खोली तळमजल्यावर होती. पाणी आत यायच्या आधी दोघांनी मिळून अंधारात सगळ्या टेपा तिसऱ्या मजल्यावर नेल्या. माझं वाक्य तिथून सुरू झालं. नव्या मुलांना माझी ओळख करून देताना साहेब तेच सांगायचे आणि मी मान खाली घालून ऐकायचो. ती मान नम्रतेनं खाली जात नव्हती. ते वाक्य पूर्ण ऐकायचं असायचं म्हणून मी गप्प बसायचो.

त्या आठवड्याच्या प्रतीची कुणाला गरज पडली नाही. मूळ सर्व्हर शाबूत होते, आधीच्या आठवड्याची प्रत होती, पुढचीही झाली. ऑफिसच्या दृष्टीनं प्रकरण मिटलं. मी अहवाल लिहिला, कारणाच्या रकान्यात ‘वीजपुरवठ्यातील व्यत्यय’ असं घातलं आणि वाचायला तिच्याकडे दिला. तिनं दोनदा वाचला. “सर, लाइट तर सांगून घालवली होती ना?” एवढंच म्हणाली आणि कागद परत दिला. मी रकाना बदलला. फ्रीझचं लिहिलं, झोनिंगचं लिहिलं, डिलीट केलेल्या मेलीचंही लिहिलं.

आमच्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव अजून दिसतं, कंसात. तलाठी फेरफार ओढतो, वारसाचं नाव चढवतो आणि जुन्याला कंस करतो. नाव वाचता येतं, पण त्याचा हक्क संपलेला असतो. वडील गेल्यावर त्यांच्या नावाला कंस पडलेला उतारा हातात आला, तेव्हा मला तो तलाठी निष्ठुर वाटला होता. आता वाटतं, एकाच जमिनीवर दोन हक्कदार उभे राहिले तर काय होतं, हे त्यानं माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलेलं असणार.

जुना ग्रुप आम्ही त्याच संध्याकाळी डिलीट केला. फायबर तिनं काढल्या, मी टोकांना टोप्या लावल्या. मग कॅटलॉगमधल्या त्या प्रतींच्या नोंदी राहिल्या. टेपवर काही नाही, पण नोंद सांगते की आहे. मी म्हणालो, “तीन महिन्यांची मुदत आहे, आपोआप जातील.” ती म्हणाली, “तोवर कुणी मागितलं तर अग्रणी ‘आहे’ म्हणून सांगेल, सर.” मी खुर्ची पुढे ओढली, चष्मा लावला आणि मुदत शून्य करण्याची आज्ञा टाइप केली. नक्की काढायचं का, असं पडद्यावर विचारलं गेलं. ती शेजारी उभी राहून टेपचा बारकोड माझ्या चिठ्ठीशी ताडून पाहत होती, एकेक आकडा, हळू आवाजात. तिचा शेवटचा आकडा जुळला तेव्हा मी ‘वाय’ दाबलं.