क्रोक पार्कवरची शाळकरी मुले

डब्लिन शहराच्या उत्तर भागात, रॉयल कालव्यानजीक, साध्या विटांच्या घरांच्या रांगांमधून एकाएकी एक प्रचंड क्रीडागार डोके वर काढते. हेच क्रोक पार्क. ८२ हजारांवर प्रेक्षक सामावून घेणाऱ्या या वास्तूत हर्लिंग व गेलिक फुटबॉल या आयर्लंडच्या देशी खेळांचे अंतिम सामने होतात. प्रवासी बहुधा तेथील संग्रहालय पाहतो आणि पुढच्या ठिकाणाकडे वळतो. परंतु या मैदानाचे खरे वैभव अनुभवावयाचे, तर शहरातील प्राथमिक शाळांचे अंतिम सामने असतील त्या दिवशी तेथे जावे. ज्या हिरवळीवर पाऊल ठेवण्याचे स्वप्न मोठमोठे खेळाडू जन्मभर उराशी बाळगतात, तिच्यावर दहा-बारा वर्षांची मुलेमुली आरडाओरड करीत धावत असतात.

हर्लिंग हा विलक्षण वेगाचा खेळ. हातात अ‍ॅश वृक्षाच्या लाकडाची, टोकाशी पसरट काठी. चेंडू कातड्याने मढविलेला, आत बूच. पुराणकथेतला बालवीर सेटांटा हाच चेंडू टोलवीत राजाच्या नगरीकडे निघाला आणि अंगावर धावून आलेल्या हिंस्र कुत्र्याचा त्याने वध केला, अशी कथा आहे. यमुनाकाठच्या चेंडूफळीची कथा ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकांस तिचे नवल वाटणार नाही.

मात्र खेळ पुराणात असणे वेगळे आणि शाळेत असणे वेगळे. १८३१ साली ब्रिटिश अमदानीत सुरू झालेल्या ‘राष्ट्रीय’ शाळांत राष्ट्र तेवढे नव्हते. शिक्षण इंग्रजीतून, आणि आयरिश इतिहासाला जवळजवळ थारा नाही. १८७२ पासून तर परीक्षेच्या निकालावर शिक्षकांचे वेतन ठरू लागले. मग खेळाकडे कोण पाहणार? याच शाळांत काही काळ शिकविणारा मायकेल क्यूसॅक हा क्लेअर परगण्यातला गृहस्थ पुढे देशी खेळांचा कैवारी झाला. १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्लस गावच्या हेज हॉटेलात मोजक्या मंडळींना जमवून त्याने गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनची स्थापना केली. डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम ठरविण्याचे काम हाती घेतले, त्याच्या तीस वर्षे आधीची ही गोष्ट.

पॅट्रिक पिअर्सने १९०८ साली काढलेल्या सेंट एंडा शाळेत हर्लिंगला मानाचे स्थान मिळाले. पुढे १९१६ च्या उठावानंतर पिअर्सला गोळी घालण्यात आली. २१ नोव्हेंबर १९२० रोजी ब्रिटिश दलांनी खुद्द क्रोक पार्कमध्ये सामना चालू असताना गोळीबार केला. चौदा माणसे प्राणास मुकली. त्यांत दहा, अकरा व चौदा वर्षांची तीन मुले होती. आज शाळकरी पोरे तेथे खेळताना पाहून हे आठवल्यावाचून राहत नाही.

स्वातंत्र्यानंतरचे खरे काम वर्गशिक्षकांनी केले. डब्लिनमध्ये १९२८ पासून प्राथमिक शाळांचे सामने भरू लागले, आणि १९७१ साली ‘कमन ना मुन्स्कॉल’, म्हणजे प्राथमिक शाळांचा संघ, देशपातळीवर उभा राहिला. शाळा सुटल्यावर थांबणारे, मुलांना गाडीतून मैदानावर नेणारे हे शिक्षक त्यासाठी वेगळे वेतन घेत नाहीत. पुढे मोठ्या अंतिम सामन्यांच्या मध्यंतरात निरनिराळ्या परगण्यांतील निवडक मुलामुलींना सात-सातच्या संघांत उतरविण्याची सुरेख प्रथा पडली. हजारोंच्या टाळ्या त्या वयात कानी पडल्यावर खेळ सुटेल कसा?

देशाभिमानाला कर्मठपणाची कीड लागते, ती येथेही लागली होती. फुटबॉल, रग्बी, क्रिकेट असे ‘परकीय’ खेळ खेळणाऱ्या किंवा पाहणाऱ्या सभासदास असोसिएशनमधून काढून टाकीत. आयरिश भाषेचे पुरस्कर्ते व देशाचे अध्यक्ष डग्लस हाइड यांचेही आश्रयदातेपद, एका फुटबॉल सामन्यास हजर राहिल्याबद्दल, १९३८ साली काढून घेण्यात आले! हा नियम १९७१ मध्येच रद्द झाला. शिक्षकांचा संघ त्याच वर्षी स्थापन व्हावा, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. बंदीपेक्षा गोडी लावणे अधिक टिकाऊ.

आता लहान मुलांच्या सामन्यांत प्रत्येकाला खेळावयास मिळालेच पाहिजे, असा दंडक आहे; कच्च्या खेळाडूला बाकावर बसवून ठेवता येत नाही. १ जानेवारी २०१० पासून हर्लिंगमध्ये शिरस्त्राण सर्वांनाच सक्तीचे झाले. डब्लिनच्या वर्गांत आज पोलंड, नायजेरिया, भारत येथून आलेल्या कुटुंबांची मुले आहेत. ज्यांच्या घरात काठी नाही, वडिलांच्या आठवणीत सामना नाही, त्यांच्यासाठी या खेळाचा दरवाजा एकच, शाळेचा. तेथे एखादी शिक्षिका थकली, बदलून गेली आणि तिच्या जागी कोणी उभे राहिले नाही, तर तो दरवाजा नकळत बंद होतो.

२०१८ साली युनेस्कोने हर्लिंगला व मुलींच्या कमोगीला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. पण त्याआधीच, २०१२ मध्ये, अ‍ॅश वृक्षांना सुकविणारा बुरशीचा रोग आयर्लंडात आढळला होता. काठीसाठी बुंध्याच्या तळाचे लाकूडच लागते, कारण मुळाशी वळणारा तंतू काठीला बळ देतो. आता कारागीर परदेशी लाकूड आणवितात, बांबूच्या काठ्याही घडवितात. शाळेच्या मैदानावर कृत्रिम पदार्थाच्या काठ्याही दिसतात. मुलांना त्याची फिकीर नाही. चेंडू लागला की झाले.