पाणी येईपर्यंत

वैशाख सरत आला की मालवणच्या दांडी किनाऱ्यावरच्या माणसांचे डोळे आभाळाकडे लागतात, असे शहरात राहणाऱ्यांना वाटते. मला ते बहुतेक वेळा भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे लागलेले दिसले आहेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. त्याआधी होड्या वर ओढून शाकारायच्या. सरकार तारीख सांगते, पण होडी कोणत्या दिवशी वर घ्यायची ते ठरते तिथीवर.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक मागे पडतो, त्यामुळे हिशेब जरा इकडेतिकडे होतो, पण कामाला पुरतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो. पाणी चढते न चढते तोच उतरू लागते. अमावास्या-पौर्णिमेला, आणि खरे म्हणजे त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत, उधाण. मुंबईकडे उधाणाचे पाणी चार मीटरच्याही वर खाली-वर होते, मालवणकडे जेमतेम दोन मीटर. उतरत्या पुळणीवर या दोन मीटरांत होडी कितीतरी पावले वर येते, तीही फुकट.

या ‘फुकट’वर माझा फार जीव आहे. एक टनाची होडी तरंगत असते तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिलेला शाळकरी पोरगाही एका हाताने तिची नाळ हवी तशी वळवतो. तीच वाळूला टेकली की वीस माणसांना घाम फोडते. आपण दोष देतो चढाला. पण दहा फुटांना एक फूट असा चढ धरला, तर त्यापायी एक टनाला लागणारा जोर भरतो जेमतेम शंभर किलोंचा. बाकी सगळे वाळू खाते. कोरड्या वाळूवरून लाकडी तळ घासत न्यायचा तर वजनाच्या जवळजवळ निम्मा जोर त्या घासण्यातच जिरतो. होडी वर काढण्याचे जे काही शहाणपण कोकणपट्टीवर साठले आहे, ते सगळे होडीच्या तळाखाली आहे.

त्यातले पहिले शहाणपण म्हणजे काहीही न करता उभे राहणे. हे तरण्या पोरांना जमत नाही. दोर हातात आला की त्यांचे दंड शिवशिवतात. मग एखादा म्हातारा तोंडातले पान एका गालातून दुसऱ्या गालात सारतो आणि म्हणतो, “बाबानू, जरा थांबा. पाणी येतला.” तोवर करण्यासारखे पुष्कळ असते. इंजिन उतरवायचे, जाळी काढायची, नांगर काढायचा. आणि तळाशी साचलेले पाणी उपसायचे, ज्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो. समुद्राचेच पाणी होडीत घालून ते आपण समुद्रापासून दूर ओढत नेतो, आणि मग कंबर धरली म्हणून तेल चोळत बसतो.

मग पाणी येते. लाट नाळेखाली शिरते, होडी वीतभर उचलली जाते आणि तेवढ्यातच ओढायचे. लाट परतली की दोर नुसता ताणून धरायचा. मधल्या वेळात ज्याने जोर लावला त्याचा जोर वाया गेला. होडी लाटेला आडवी मात्र होऊ द्यायची नाही. आडवी झाली की पाणी आत येते आणि उपसण्यापासून सारे पुन्हा.

भरतीची शेवटची लाट जिथे सोडते, तिथून पुढे माणसांचे काम सुरू होते. पावसाळ्यातले उधाण उन्हाळ्यातल्यापेक्षा वर चढणार, म्हणून त्या रेषेवर थांबून चालत नाही. इथे ओंडके येतात. नुसत्या वाळूवर ठेवलेला ओंडका होडीच्या भाराने रुततो आणि फिरायचे सोडून मेखेसारखा अडून बसतो. म्हणून खाली फळ्या, फळ्यांवर ओंडके, ओंडक्यांवर होडी. मागचा ओंडका मोकळा झाला की तो उचलून पुढे धावत नेण्याचे काम पोरांचे. या खेळात बोटे चेंगरतात, म्हणून अर्धे ओरडणे पोरांवरच असते.

उरलेले अर्धे ओरडणे म्हणजे ‘हय्या हो’. किनाऱ्यावर फोटो काढणाऱ्यांना ते लोकगीत वाटते. ते घड्याळ आहे. टेकलेली होडी जागची हलवायला जितका जोर लागतो, त्याहून चालती ठेवायला कमी लागतो. वीस माणसांनी वीस वेगवेगळ्या क्षणी ओढले तर ती ढिम्म हलत नाही. एका ‘हो’वर ओढले तर निघते. आणि एकदा निघाली की धाप लागली तरी थांबवायची नाही, कारण थांबली की पुन्हा पहिल्यासारखी जड.

वाळूबद्दल एक गोष्ट मला इजिप्तने शिकवली. देर अल-बर्शा इथे जेहुतीहोतेपच्या थडग्यात सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे एक चित्र होते. प्रचंड पुतळा घसरगाडीवर बांधलेला, दोरांना माणसांच्या रांगा जुंपलेल्या आणि गाडीच्या पुढच्या टोकावर उभा राहून एकजण वाळूवर पाणी ओततो आहे. अभ्यासकांनी तो बरीच वर्षे धार्मिक विधी मानला. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोग केला. वाळू योग्य तेवढी ओली असली की ओढण्याचा जोर निम्म्यावर येतो, कारण कोरडी वाळू घसरगाडीपुढे ढीग करून बसते आणि ओली बसत नाही. जास्त ओली केली तर फायदा पुन्हा जातो. ओहोटी लागल्यावर मागे जो काळपट, टणक पट्टा उरतो, तो नेमका या दोन्हींच्या मधला. तो वाळायच्या आत जेवढे अंतर काटता येईल तेवढे काटून घ्यायचे.

आता ट्रॅक्टर आले आहेत. दोन चाकांची ट्रॉली उलटी चालवत पाण्यात नेतात, ती बुडते, फायबरची होडी तिच्यावर तरंगत येते आणि बसते. बघायला सोपे वाटते. खोली चुकली की फसते. ट्रॉली फार बुडाली तर होडी तिच्यावर ठरत नाही, तिरकी होऊन भलत्याच जागी टेकते. कमी बुडाली तर तरंगायचे सोडून वर चढवावी लागते आणि मग पुन्हा वीस माणसे हवीत. मऊ वाळूत जाताना जाणते लोक टायरमधली थोडी हवा सोडतात. टायर पसरतो, भार मोठ्या जागेवर पडतो, चाक कमी रुतते. कप्पीचा हिशेबही इथलाच: होडीला बांधलेली एक कप्पी वजन निम्मे करते आणि दोर दुप्पट ओढायला लावते. निम्म्या जोरात दुप्पट चालायचे. यात फसवणूक कुणाचीच नाही.

ट्रॅक्टरने वीस माणसांचा मेळ गेला, अशी हळहळ मी ऐकतो. ती बहुधा व्हरांड्यातून येते. दोर ओढून ज्यांचे खांदे सोलले त्यांच्यातला कुणी माझ्यापाशी असे बोललेला नाही. एवढे खरे, की पूर्वी तुमच्या होडीला मी हात लावला म्हणजे माझ्या होडीला तुम्ही लावायचा, आणि ज्याच्याशी बोलणे बंद त्याच्याही होडीला दोर धरावा लागायचा. ट्रॅक्टरवाल्याला पैसे दिले की भांडण सुखाने चालू ठेवता येते.

वर आलेली होडी वाळूवर तशीच टेकवत नाहीत. खाली आधार देऊन उचलून धरतात, म्हणजे तळाला वारा लागतो. लाकडी असेल तर माशाचे तेल पाजतात, वर झावळ्यांची झापे किंवा हल्ली निळी ताडपत्री. तळाचे बूच काढून ठेवतात, नाहीतर पावसाचे पाणी साचून होडीची विहीर होते. हे बूच घरी नेऊन खुंटीला टांगायचे, असा नेम. नारळी पौर्णिमा होते, नारळ वाहिला जातो, होडी उतारावरून पाण्यात लोटली जाते, उतारावर तिला धरून ठेवायलाच माणसे लागतात, आणि अर्ध्या वाटेवर नाखव्याच्या पायाला पाणी लागते. मग घराकडे कोण धावणार यावरून पुन्हा ओरडाओरड, कारण बूच खुंटीलाच आहे.