गोळी तीच, शरीर वेगळं

भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं. तिचे देठ खुडत दिवसभर बसणाऱ्या बायकांची कंबर मात्र दुकानातल्या सुट्या गोळीवर चालते. नात्यातली एक भाभी सातव्या महिन्यात म्हणाली, "आपा, आधी एका पॅरासिटामॉलवर संध्याकाळ व्हायची. आता दोन तासांत उतरते." खाला लगेच म्हणाल्या, "आजकालच्या पोरींना सहनच होत नाही."

हा सहनशक्तीचा प्रश्नच नाही. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढतं, त्यामुळे यकृतातली काही एन्झाइम्स जोरात कामाला लागतात आणि पॅरासिटामॉल लवकर लघवीवाटे बाहेर पडतं. शरीरातलं पाणीही वाढलेलं असतं, म्हणून रक्तात औषध कमी उरतं. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या मुलींमध्येही पॅरासिटामॉल असंच भराभर निघून जातं. कोडीनचं उलट आहे. यकृत त्याचं मॉर्फिन करतं, आणि ते काम करणारं एन्झाइम गरोदरपणात बहुतेक बायकांमध्ये जास्त चपळ होतं.

म्हणून काय, दोन गोळ्या घ्यायच्या? नाही. दुकानदाराकडून 'तेज' गोळी तर मुळीच नाही. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांमुळे विसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये तसा इशारा दिला आहे.

भाभीला एवढंच सांगितलं: कोणती गोळी, किती वाजता घेतली, किती वेळ पुरली, हे लिहून ठेव आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखव. खालांनाही सांगितलं, पोरगी खरं बोलतेय.