मुंबईचा एक रविवार

१८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली व पुढील वर्षी ती कल्याणास पोहोचली. तेव्हापासून मुंबई आम्हां कल्याणकरांच्या उंबरठ्याशी आली खरी. परंतु घरातील मिळवत्या मंडळींस रोज जाऊनही कचेरीपलीकडची मुंबई दिसत नाही, आणि घर सांभाळणाऱ्यांस तर तेवढीही नाही. म्हणून येत्या रविवारी सर्वांनीच निघावयाचे, असा बेत आम्ही केला आहे. भायखळ्यास उतरून राणीची बाग, तेथील १८७२ सालचे वस्तुसंग्रहालय आणि सायंकाळी गिरगावची चौपाटी! आजींस समुद्र पाहून कित्येक वर्षे लोटली. गुडघे पुढील वर्षाची हमी देत नाहीत. दशम्या किती घ्याव्यात, यावर आतापासूनच खल चालू आहे. प्रवास तासा-दीड तासाचा. त्याची वाट पाहण्याचे सुख मात्र आठवडाभर पुरत आहे.