नळाची वेळ, गाडीची वेळ

नळाला रोज पहाटे पाच वाजता पाऊण तास पाणी येणार हे पक्कं ठाऊक असेल, तर माणसं त्याला सरावतात. गजर लावतात, पिंप भरतात, पुन्हा आडवी होतात. पण "उद्या येईल, नाहीतर परवा" अशा गावात घरातलं एक माणूस कायम नळाकडे कान लावून असतं. आठवड्याचा हिशेब केला तर पाणी दोन्हीकडे तेवढंच भरेल. दमणूक मात्र दुसऱ्या घरात कितीतरी जास्त. रोजच्या ताणाचा विचार करताना मी दर वेळी या फरकापाशी येऊन थांबते. कष्ट किती आहेत याहून ते कधी अंगावर येतील हे माहीत नसणं आणि आले तर आपल्या हातात काही नसणं, हे जास्त झिजवतं.

*

१९६७ साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या ४३ घटनांना गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, लग्न ५०, सुट्टीवर जाणं १३. वर्षभरातली बेरीज जितकी मोठी, तितकी आजारी पडण्याची शक्यता अधिक, असं त्यांचं म्हणणं. लग्नाचे ५० गुण आपल्याकडे कोणालाही पटतील. हॉल, आहेर, मानपान, रुसवेफुगवे सगळं निस्तरून, पाठवणी झाली की दुसऱ्या दिवशी तापाने फणफणलेली मुलीची आई अनेकांनी पाहिलेली असते.

पण स्वयंपाक अर्धा झालेला असताना संपलेला सिलिंडर, मुलाच्या शाळेच्या ग्रुपवर रात्री दहाला आलेला "उद्या चार्टपेपर आणणे" हा निरोप, सासूबाईंची औषधं आणि आपली शेवटची बस यांची एकच वेळ, यांना त्या यादीत जागा नव्हती. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लॅझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही बारीकसारीक कटकट मोजायला घेतली. १९८१ मध्ये त्यांनी मांडलं की माणसाच्या मानसिक त्रासाचा अंदाज मोठ्या घटनांपेक्षा या रोजच्या कटकटींवरून अधिक चांगला बांधता येतो.

मला याचं एक कारण दिसतं. घरात मोठं दुःख झालं की शेजारून डबा येतो, नातेवाईक मुक्कामाला येतात, ऑफिस रजा देतं. कटकटीत सोबतीला कोणी येत नाही. उलट, "एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस?" हे वर ऐकावं लागतं.

*

"जरा केबिनमध्ये या." एवढा एक निरोप पुरतो. मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी काही क्षणांत अॅड्रेनलिन सोडतात. छाती धडधडते, तळहात गार पडतात, घशाला कोरड येते, पोटाचं काम थांबतं कारण रक्त स्नायूंकडे वळलेलं असतं. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने १९१५ च्या आपल्या पुस्तकात या तयारीचं सविस्तर वर्णन केलं आहे. काही मिनिटांनी मागून कॉर्टिसॉल येतं आणि रक्तातली साखर चढती ठेवतं, म्हणजे पळायला किंवा झुंजायला शिधा कमी पडू नये.

आणि मग आपण काय करतो? चार पावलं चालून खुर्चीत बसतो. मान खाली, हात मांडीवर. सगळी जमवाजमव झालेली असते आणि खर्च काहीच होत नाही. हे दिवसात पाच-सहा वेळा झालं की संध्याकाळी खांदे भरून येतात, पोट बिघडतं, आणि घरी आल्यावर चप्पल वाकडी ठेवल्याबद्दल मुलाला ओरडा बसतो. म्हणून अशा भेटीनंतर जागेवर येऊन लगेच ईमेल लिहायला बसू नये. जिना उतरून इमारतीला एक झपाझप फेरी मारावी. अंगाने जे मागितलं होतं ते थोडं तरी त्याला मिळतं.

*

हान्स सेल्ये यांचं नाव या विषयात टाळता येत नाही. माँट्रियलमध्ये उंदरांना ग्रंथींचे अर्क टोचताना त्यांना दिसलं की काहीही टोचलं, थंडीत ठेवलं किंवा दमवलं, तरी शरीरात बदल तेच होतात. मूत्रपिंडांवरच्या त्याच अधिवृक्क ग्रंथी सुजतात, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसते, जठरात व्रण पडतात. १९३६ मध्ये 'नेचर'ने त्यांचं ते छोटं पत्र छापलं. पुढे सिगारेट कंपन्यांनी त्यांच्या संशोधनाला पैसा पुरवला, ही नोंदही सोडू नये. आजाराचं खापर ताणावर फुटलं, तर तंबाखू सुटते. 'सगळं ताणामुळे होतं' या वाक्याने कोणाची सोय होते, हे दर वेळी तपासायला हवं.

जठराच्या अल्सरचंच पाहा. कित्येक वर्षं तो काळजी करणाऱ्यांचा आजार समजला जाई. मग बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू दाखवून दिला आणि २००५ चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. आपल्या दवाखान्यांत आजही थकवा, धडधड, धाप सांगणाऱ्या बाईला "टेन्शन घेऊ नका" एवढं सांगून परत पाठवलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आहे. आधी हिमोग्लोबिन बघा, थायरॉइड बघा. ताणाबद्दल नंतर बोलू.

*

गर्दीच्या वेळी मुंबईच्या लोकलमध्ये एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात. रेल्वेच्या भाषेत याला वेगळं नावच आहे, 'सुपर डेन्स क्रश लोड'. एखाद्या प्राण्याला असं कोंबून नेलं तर गुन्हा दाखल होईल. आणि तरीही त्याच डब्यात बायका मटार सोलतात, मेथी निवडतात, एकमेकींच्या मुलींची स्थळं बघतात, दसऱ्याला डब्याला तोरण बांधतात. चर्चगेट ते बोरिवली पहिली लेडीज स्पेशल ५ मे १९९२ ला सुटली, तेव्हापासून तिच्यात मैत्रिणींच्या किती पिढ्या झाल्या असतील.

याचं कौतुक 'मुंबईकरांची जिगर' म्हणून होतं ते मला आवडत नाही. जिगर म्हटली की गर्दी कमी करायची जबाबदारी कोणावरच राहत नाही. मात्र त्या डब्यात माणसं स्वतःसाठी काय उभं करतात, ते नीट बघण्यासारखं आहे. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, दाराच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं ते ठरलेलं, तिघींच्या बाकावरच्या 'चौथ्या सीट'वर कोणी कधी बसायचं तेही ठरलेलं. कोण कुठे उतरणार हे आधीच विचारून जागा 'लावून' ठेवलेली. ज्या प्रवासात काहीच आपल्या हातात नाही, त्यात प्रवाशांनी हातात धरायला असंख्य छोट्या मुठी बसवल्या आहेत.

डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ च्या पुस्तकात सांगितलेले प्रयोग इथे आठवतात. लोकांना कर्कश आवाज ऐकवले. काहींना ते ठरावीक अंतराने, काहींना कधीही. कधीही येणाऱ्या आवाजानंतर माणसं कोडी लवकर सोडून देत, मुद्रितं तपासताना जास्त चुका करत. मग काहींच्या हाताशी एक बटण दिलं: अगदीच सहन झालं नाही तर दाबा, आवाज थांबेल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. आवाज तेवढाच ऐकला, आणि तरी नंतरचं काम इतरांपेक्षा चांगलं केलं. बटण आहे, एवढंच त्यांना पुरलं.

*

लोकलच्या डब्यातली भजनी मंडळं हा स्वतंत्र विषय आहे. टाळ, कधी ढोलकी, आणि सकाळच्या घाईत वीस-पंचवीस गळे एका लयीत. शेजारच्या प्रवाशाला त्याचा त्रास होऊ शकतो आणि त्याची तक्रारही खरी आहे. गाणाऱ्यांना काय मिळतं याची एक बाजू मात्र शरीराची आहे. श्वास सोडताना व्हेगस हा मज्जातंतू हृदयाची गती उतरवतो. लांब ओळ एका दमात म्हणायची तर श्वास सोडणं आपोआप लांबतं. लुचानो बेर्नार्दी यांनी २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवलं की लॅटिनमधली मेरीमातेची प्रार्थना आणि बौद्धांचा एक मंत्र, दोन्ही म्हणताना माणसांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाची लय सुधारते.

आपल्याकडे श्वासाचा हा शोध फार आधी सुरू झाला होता. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, त्याच वर्षी 'योगमीमांसा' नियतकालिक सुरू केलं आणि आसन-प्राणायामाचे परिणाम प्रयोगशाळेत तपासायला घेतले. श्रद्धा आहे म्हणून मोजायचं नाही, असं त्यांनी मानलं नाही. आज प्राणायामाने सगळे रोग बरे होतात असं छातीठोक सांगणाऱ्यांनी लोणावळ्याचं ते वळण पुन्हा गिरवावं.

*

चहा. त्यातलं कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाचा कप रात्री अकराला अर्धा शिल्लक असतो. झोप न आलेल्याने आधी हा हिशेब करावा.

*

अंथरुणाला पाठ टेकली की उद्याची कामं एकेक करून उठून बसतात. गॅसचा नंबर लावायचा, बाबांचा रिपोर्ट आणायचा, मीटिंगची फाइल. २०१८ मध्ये मायकल स्कलिन यांनी अमेरिकेत केलेल्या एका प्रयोगात, झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याची कामं लिहून काढणाऱ्यांना झोप लवकर लागली. झालेल्या कामांची यादी करणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं आधी. यादी जितकी बारकाईची तितका फरक अधिक. वाण्याच्या यादीसारखी लिहावी, 'बँक' असं नको, 'बँकेत जाऊन पासबुक भरणे' असं. डोक्याला ती पुन्हा पुन्हा घोकत राहावी लागत नाही. उशाशी कागदच असावा; फोनमध्ये लिहायला गेलं की आणखी तीन निरोप दिसतात.

*

गोव्यात मानसिक आरोग्यासाठी काम करणारी 'संगथ' ही संस्था १९९६ पासून आहे. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खाजगी दवाखान्यांत एक साधी व्यवस्था उभी केली. मानसोपचारतज्ज्ञ दुर्मीळ, म्हणून स्थानिक माणसांनाच काही आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं. अंगदुखी, निद्रानाश, टेन्शन घेऊन आलेल्या माणसाला ते आधी शरीरात काय चाललंय हे समजावून सांगत, श्वासाचा व्यायाम शिकवत, दिवसात एखादं मनाजोगतं काम परत सुरू करायला लावत. 'मानस' नावाच्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. सरकारी केंद्रांत रुग्ण स्पष्टपणे जास्त संख्येने बरे झाले. खाजगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. मला यातली पहिली पायरी सगळ्यात मोलाची वाटते. छातीतली धडधड म्हणजे काय हे कोणी शांतपणे सांगितलं, की धडधडीची भीती तरी कमी होते.

*

इतकं सगळं रोजच्या ताणाबद्दल. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर त्याला ताण म्हणून अंगावर काढू नये. सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. घरातल्या फ्रिजवर हा क्रमांक लिहून ठेवायला हरकत नाही, जसा आपण गॅसगळतीचा ठेवतो.

*

ब्रिटनमध्ये मायकल मार्मट यांनी सरकारी कचेऱ्यांतल्या नोकरदारांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या साहेबांत जास्त असतील असा अनेकांचा समज होता, निघालं उलटं. जितकी खालची पायरी तितका धोका अधिक, आणि धूम्रपान वगैरे वेगळं काढलं तरी फरक बराचसा उरत होता. पुढच्या अभ्यासात एक धागा ठळक झाला: आपल्या कामाबद्दल आपण किती ठरवू शकतो.

हे वाचल्यापासून मी घराकडे वेगळ्या नजरेने बघते. काय शिजवायचं, पाहुणे कधी येणार, टीव्ही किती वाजता बंद, हे कोण ठरवतं आणि त्यासाठी कोण राबतं? कंपनीत ताणमुक्तीचं शिबिर भरवतात, तेही शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, हजेरी सक्तीची. शिबिरापेक्षा पुढच्या महिन्याच्या पाळ्या आठ दिवस आधी फळ्यावर लावल्या तर लोकांना जास्त बरं वाटेल.

आणि आपल्या घरी पोळ्यांना, धुण्याभांड्यांना येणाऱ्या ताईंचं काय? त्यांच्या चार-पाच घरांच्या वेळा दुसरेच ठरवतात. एका घरी पाहुणे आले की पुढची तीन घरं उशिरा, आणि तिन्ही घरी बोलणी. "आज जरा लवकर या" हे आपण सकाळी सातला फोन करून सांगतो. आदल्या दिवशी सांगता येतं. महिन्याच्या सुट्ट्या ठरवून देता येतात, पगारी, आणि त्या कुठल्या वारी घ्यायच्या हे ताईंनाच विचारता येतं. आमच्या इमारतीत काही घरांनी मिळून हे सुरू केलं आहे. बाकीच्यांशी या रविवारच्या सभेत बोलायचं आहे.