खाऱ्या पाण्यातले लोणचे

तुमच्या घरी लोणचे घालतात तेव्हा तुम्ही कधी स्वयंपाकघरात गेला आहात का? गेला असाल तर कोणीतरी नक्कीच दटावले असेल, "ओला हात लावू नकोस!" कैरी पुसायची, फोडी कोरड्या करायच्या, बरणी उन्हात वाळवायची, वर तेल ओतायचे. पाण्याचा एक थेंब आत गेला, की बुरशी आलीच म्हणून समजा. माझ्या अम्मीचा हा नियम फार कडक. लोणच्याच्या दिवशी ती आम्हां बहिणींना बरणीजवळ फिरकूही देत नसे.

आज मी तुम्हांला अशा पदार्थाविषयी सांगणार आहे, ज्यात हा नियम चालतच नाही. त्याचे नाव किमची. हा कोरियातील पदार्थ. कोबी मिठात मुरवायचा, चक्क पाण्याने धुवायचा, मसाला लावायचा आणि त्यालाच सुटलेल्या पाण्यात बुडवून आंबवायचा. कोरियातील घरांत भाताबरोबर किमची हवीच.

माझी धाकटी बहीण दोन वर्षांपासून कोरियातील बुसान शहरात शिकते. तिने इतक्या दूर जाऊ नये, असे अम्मीला वाटत होते. ती गेली आणि मायलेकींत अबोला आला. फोन आला की अम्मी एकच प्रश्न विचारी, "काय खातेस?" बहीण म्हणे, "भात आणि किमची." "म्हणजे सडवलेला कोबी!" एवढे बोलून अम्मी फोन माझ्या हातात देई.

पहिल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये बहिणीच्या घरमालकिणीने तिला खाली बोलावले. तेथे हिवाळा कडक असतो. पूर्वी त्या दिवसांत ताजी भाजी मिळत नसे. म्हणून हिवाळ्याच्या तोंडावर नातेवाईक आणि शेजारी एकत्र जमून ढीगभर कोबीची किमची करत आणि मातीच्या मोठ्या रांजणांत भरून रांजण जमिनीत पुरत. या कामाला 'किमजांग' म्हणतात. दक्षिण कोरियाच्या या प्रथेला युनेस्कोने 2013 साली मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, आणि उत्तर कोरियाच्या किमची करण्याच्या परंपरेला 2015 साली. आता रांजणांच्या जागी पुष्कळ घरांत खास किमचीसाठी बनवलेले फ्रीज आले आहेत. पण माणसे अजूनही जमतात. बहिणीच्या हाती लाल रबरी हातमोजे देऊन तिला चार बायकांच्या मध्ये बसवले. त्या दिवशी तेथे जे मांस शिजवतात ते आपल्याकडे चालत नाही. घरमालकिणीने तिच्यापुरती अंडी उकडून ठेवली होती. बहिणीने मला फोनवर सांगितले, "आपा, इथे आल्यापासून आज पहिल्यांदा मी कोणाच्या तरी घरात बसले."

हे मी अम्मीला सांगितले. ती काहीच बोलली नाही. मग मी ठरवले, की किमची आपल्या घरीच करायची.

लांबट चिनी कोबी आमच्या भिवंडीत मिळाला नाही. मुंबईला क्रॉफर्ड मार्केटात मिळाला. दीड किलोच्या गड्ड्याचे उभे चार भाग केले. प्रत्येक पान उचलून त्याखाली जाडे मीठ चोळले. सगळे मिळून दीडशे ग्रॅम मीठ लागले. चार तासांत कोबीने इतके पाणी सोडले, की परात भरली. पानाचा जाड पांढरा देठ न मोडता वाकला, की मीठ मुरले असे समजावे. मग कोबी तीन पाण्यांतून धुतला. हे पाहून मात्र अम्मी उठून आली. "धुतेस? आता हा टिकेल कसा?"

प्रश्न अगदी योग्य होता. मी तिला सांगितले ते तुम्हांलाही सांगते. आपण उर्दूत 'खमीर' म्हणतो ना, त्याच्याशी जुळणारा मराठी शब्द 'आंबवण'. सडणे वेगळे आणि आंबणे वेगळे. कोबीच्या पानांवर मुळातच काही सूक्ष्म जीव असतात. नासवणाऱ्या जीवांना खारे पाणी सोसत नाही. आंबवणाऱ्यांना ते सोसते, आणि त्यांना हवाही लागत नाही. ते भाजीतील साखरेपासून आम्ल तयार करतात. त्याच आम्लामुळे भाजी टिकते. इडलीचे पीठ फुगवणाऱ्या जीवांपैकी एक जात किमचीतही सापडते. बुरशीला मात्र हवा हवी असते. लोणच्यात हवा अडवायचे जे काम तेल करते, ते येथे खारे पाणी करते. म्हणून कोबी त्या पाण्याखाली दाबून ठेवायचा, एवढी एकच दक्षता.

अम्मीने ऐकून घेतले आणि खलबत्ता ओढला. काश्मिरी मिरच्यांच्या बिया झटकून तिने त्या जाड्याभरड्या कुटल्या. मिरचीशिवायची किमची आपल्याला सुचणारही नाही, पण मिरची मूळची अमेरिकेतली. ती कोरियात पोहोचण्यापूर्वी कित्येक शतके तेथील लोक बिनमिरचीचीच किमची खात होते. मी तांदळाच्या पिठाची पातळ पेज शिजवून थंड केली. तिच्यात मिरची, लसणाचा एक गड्डा, आले, थोडी साखर, मुळ्याचा कीस आणि पातीचा कांदा घातला. कोरियात खारवलेली बारीक कोळंबी घालतात. आम्ही कोकणी माणसे, घरात सुका जवळा होताच. तो भाजून, पूड करून घातला. हा मसाला पानापानाला लावून कोबी बरणीत दाबला. वर थोडी जागा मोकळी ठेवली, कारण आंबताना वायू तयार होतो.

दीड दिवसाने झाकण उघडले, तर बुडबुडे फुटत होते. बरणी फ्रीजमध्ये ठेवली. पाचव्या दिवशी अम्मीने भाताबरोबर एक पान खाल्ले, मग दुसरे घेतले. "सडलेले नाही," ती म्हणाली. त्या रात्री तिने स्वतः फोन लावला. तुझी घरमालकीण मुळा किसते की चिरते, मीठ किती घालते, तुला वेळेवर जेवायला बोलावते की नाही, असे बोलणे अर्धा तास चालले. मी बाहेर निघून आले.

मार्चमध्ये दुसरी बरणी भरली. कोणालाही न विचारता अम्मीने तिच्यात कच्च्या कैरीच्या फोडी टाकल्या. बहिणीने तो फोटो घरमालकिणीला दाखवला. त्या बाईला कैरी ओळखता आली नाही. तिने विचारले, "हा हिरवा मुळा तुमच्याकडे कोठे मिळतो?"