अब्बांची बोलेरो

आमच्या घरासमोर फणसाच्या झाडाखाली उभी असते ती बोलेरो 2008 सालची आहे. माझे सासरे कुवेतहून कायमचे परतले, तेव्हा गाठीशी बांधून आणलेल्या पैशातून त्यांनी ती घेतली. नऊ वर्षे चालवली आणि 2017 मध्ये ते अल्लाहला प्यारे झाले. तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. हे मस्कतला, दीर मुंबईत, आणि घरात चालवता येणारी मी एकटीच.

2023 मध्ये गाडीला पंधरा वर्षे पूर्ण होणार होती. नोंदणीची मुदत संपणार म्हटल्यावर घरात चर्चा सुरू झाली. दीर म्हणाले, "भाबी, दोन-सव्वादोन लाख येतायत तोवर काढून टाकू. त्यात थोडी भर घालून छोटी गाडी घेऊ." ह्यांचेही फोनवर तेच मत. हिशेबाने पाहिले तर दोघांचे चुकत नव्हते. पण माझ्या सासूबाईंचे, म्हणजे अम्मींचे, डायलिसिस 2022 पासून सुरू आहे. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी सातला चिपळुणात हजर. गाव खाडीकडे, रस्ता अठरा किलोमीटर, त्यातले शेवटचे तीन पावसाळ्यात रस्ता म्हणावे की ओढा, हा प्रश्नच असतो. छोट्या गाडीचे पोट त्या तीन किलोमीटरांत रोज घासले असते. आणि डायलिसिसची एक पाळी चुकली तर अम्मींच्या पायांवर सूज येते, दुसरी चुकली तर श्वास लागतो. त्यामुळे माझ्यासाठी प्रश्न एवढाच होता, की ही गाडी आणखी पाच वर्षे भरवशाने चालेल का?

तो प्रश्न घेऊन मी आमच्या फिटरचाचांकडे गेले. चिपळुणात त्यांचे छोटे गॅरेज आहे. 22 जुलै 2021 च्या पुरात वाशिष्ठीचे पाणी त्यांच्या छपरापर्यंत गेले होते. पाने, जॅक, वेल्डिंगचे मशीन, सगळे चिखलात. आमची बोलेरो गावात उंचावर उभी होती म्हणून वाचली, आणि पुढचे दोन आठवडे तिने शहरात पाण्याचे कॅन आणि डाळ-तांदूळ वाहिले. त्या दिवसांत चाचांच्या दारात बुडालेल्या गाड्यांची रांग लागली होती. त्यांचे दुःख गाड्या बुडाल्याचे कमी आणि पाणी ओसरल्यावर लोकांनी चावी फिरवल्याचे जास्त होते. इंजिनमध्ये हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की आतला कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हजारांत निघणारे काम लाखावर जाते. गाडीत पाणी शिरले असेल तर बॅटरीची वायर काढायची, चावीला हात लावायचा नाही आणि गाडी ओढत फिटरकडे न्यायची. कोकणात राहणाऱ्या प्रत्येक घराने एवढे तरी पाठ करून ठेवावे.

चाचांनी गाडी खड्ड्यावर घेतली आणि इंजिनकडे पाहिलेच नाही. हातात स्क्रूड्रायव्हर आणि लहान हातोडी घेऊन ते खाली उतरले. "भाबी, इंजिन कधीही बांधता येते. आधी चासी बघू." बोलेरोची बॉडी वेगळी असते आणि ती खालच्या लोखंडी चौकटीवर, म्हणजे चासीवर, बोल्टने बसवलेली असते. दाराखालचा पत्रा, पायदान, मागच्या चाकांवरची कमान हे सडले तर कापून नवा पत्रा जोडता येतो. चासी सडली तर गाडी संपली. खाडीच्या खाऱ्या हवेत गंज बाहेरून दिसतो त्याहून जास्त आत असतो. चाचा हातोडीने टकटक करत पुढे सरकत होते. निरोगी लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, सडलेल्याचा भदभद. मागचे पाटे जिथे चासीला अडकवलेले असतात, तिथे ते बराच वेळ थांबले. स्क्रूड्रायव्हर दाबून पाहिला. आत गेला नाही. अल्हम्दुलिल्लाह, चासी शाबूत होती. श्रेय अब्बांचे. ते दर पावसाळ्यानंतर गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन, दोन दिवस उन्हात ठेवून मगच रंग मारून घेत. ओल असताना मारलेला काळा रंग गंज थांबवत नाही, उलट ओल आत कोंडून ठेवतो.

मग चाचांनी मला खाली बोलावून चासीवर कोरलेला नंबर दाखवला. नोंदणी वाढवताना आरटीओत निरीक्षक गाडी तपासतात, तेव्हा हा नंबर वाचता यावा लागतो. गंज काढण्याच्या नादात कुणी ग्राइंडर फिरवला आणि आकडे पुसले गेले तर चांगली गाडीही कागदावर अडकते. तेव्हापासून मी त्यावर ग्रीस लावून ठेवते.

खर्चाची यादी निघाली 68 हजारांची. दाराखालचा पत्रा आणि पायदान, मागच्या पाट्यांचे बुश, ब्रेकचे लायनर, ब्रेक ऑइल, रेडिएटरचे सगळे होज पाइप आणि चार टायर. यादी ऐकून दीर फोनवर गप्प झाले. मी त्यांना एवढेच सांगितले, की या पैशात नव्या गाडीचे सहा-सात हप्ते होतील, आणि नवी गाडी घेतली तरी त्या रस्त्यावर चालणार नाही. ह्यांनी दुसऱ्या दिवशी पैसे पाठवले.

टायरवरून मात्र वाद झाला. माझा पुतण्या म्हणे, नक्षी अजून अर्धी शिल्लक आहे, कशाला बदलायचे? टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात. 1915 असेल तर 2015 सालच्या एकोणिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. आमचे आठ वर्षांचे झाले होते आणि कडेला बारीक भेगा होत्या. कमी चालणाऱ्या गाडीचे टायर झिजून नव्हे, वयाने मरतात. त्याच पुतण्याला पुढे लोखंडी गार्ड आणि छतावर दिव्यांची पट्टी हवी होती. असे गार्ड केंद्र सरकारने 2017 च्या डिसेंबरमध्येच बेकायदा ठरवले आहेत. धडकेत ते समोरच्या पायी माणसाचा जीव घेतात आणि धक्का सरळ चासीवर नेतात. दिव्यांचे म्हणाल तर समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला आंधळे करून आपण कुठे पोहोचणार?

सजावटीचे पैसे मी अम्मींवर लावले. बोलेरोत चढणे त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून पायदानाखाली आणखी एक पायरी आणि दाराच्या खांबाला पकडायला दांडी बसवून घेतली. दांडी उजव्या हाताला येईल अशी. डाव्या हातात फिस्टुला आहे, त्या हाताला ओढ चालत नाही. मागच्या आडव्या सीट घडी करून ठेवल्या, म्हणजे परतीला अम्मींना आडवे व्हावेसे वाटले तर गादी टाकता येते. त्या मोकळ्या जागेत दोर, बॅटरी, फळीसकट जॅक, पाण्याचा कॅन आणि लाल त्रिकोण कायम असतो. फळी लागतेच, कारण आमच्या मऊ मातीत जॅक गाडी उचलण्याऐवजी स्वतःच खाली जातो.

ब्रेकबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कुंभार्ली घाट उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे, क्वचित इंजिनच बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. ब्रेकला जोर देणारी व्हॅक्यूमची मदत इंजिन चालू असेपर्यंतच मिळते. बंद केल्यावर दोन-तीनदा पेडल दाबले की ते दगडासारखे घट्ट होते. अब्बा म्हणत, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. डायलिसिसहून येताना मला घाट नाही, पण मसीदीजवळचा उतार आहे, तिथे मी आजही दुसराच गिअर ठेवते.

रोजचे काम म्हणाल तर फार नाही. सकाळी निघण्याआधी ऑइलची पट्टी काढून बघायची. डिझेल गाडीचे ऑइल बदलल्यावर लगेच काळे होते, त्याला घाबरायचे नाही. ते दुधाच्या चहासारखे दिसले तर मात्र गाडी जागेवरच ठेवायची, कारण ऑइलमध्ये पाणी मिसळले आहे. रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी नाही, कूलंट. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून साचलेले पाणी सोडायचे. हे मी स्वतः करते. पहिल्या वेळी गल्लीतल्या बायका कुंपणापाशी उभ्या राहून बघत होत्या. आता त्यांच्यातलीच एक नवऱ्याच्या रिक्षाचे ऑइल बघते.

नोंदणीचे काम मुदतीच्या आधी साठ दिवसांत करता येते. फॉर्म 25, विमा, पीयूसी, पर्यावरण कर आणि फी. ही फी 1 एप्रिल 2022 पासून सहाशेवरून पाच हजार झाली आहे, तेवढे पैसे बाजूला ठेवावेत. तपासणीला मी स्वतः गाडी नेली. साहेबांनी नंबर पाहिला, दिवे, वायपर, हॉर्न पाहिला, एक फेरी मारली आणि सही केली. 2028 पर्यंतचा कागद मिळाला.

सध्या क्लच जरा वर पकडतोय. चाचा म्हणतात, दोन-तीन महिने निघतील. पण क्लच प्लेट बदलायला गाडी अख्खा दिवस उघडी राहते, म्हणून मी त्यांना डायलिसिस नसलेला एक गुरुवार आधीच सांगून ठेवला आहे. प्लेट कंपनीची, शिक्क्याची, मी स्वतः दुकानातून आणून कपाटात ठेवली आहे, अम्मींच्या औषधांच्या खालच्या फळीवर.